चाऱ्याची खोली

सौदीतल्या अल-हसाच्या त्या बागेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा खजुराची तोडणी चालू होती. भर उन्हाळा. आम्ही राहायचो त्या अबकैकहून निघालं की बराच वेळ दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि पाइपलाइनी. मग रस्ता वळतो आणि एकदम हिरवं दिसायला लागतं, दूरवर, डोळ्यांना खरं वाटू नये इतकं. माझा जन्म रायगडच्या किनाऱ्यावरचा. नारळ-सुपारीच्या वाडीत खेळलेल्या माणसाला खजुराची बाग परकी वाटत नाही. तीच सरळ खोडं, बुंध्याशी तीच ओल, पाटाच्या पाण्याचा तोच थंड वास. गाडीतून उतरताना मला क्षणभर उगाचच घरी आल्यासारखं वाटलं होतं.

माझं काम लिहिण्याचं. संग्रहालयात वस्तूशेजारी जी पाटी असते, तिच्यावरचा मजकूर मी लिहिते. पाच-सहा ओळी असतात, पण त्या ओळींआधी वस्तू धुंडाळायची, मोजायची, तिला काय म्हणतात ते विचारायचं, ती कुणाच्या हातात असायची ते शोधायचं, असं सगळं येतं. अब्बा दम्मामला कापडाच्या दुकानात होते, त्यामुळे माझ्या लहानपणीची काही वर्षं तिथे गेली आणि अरबी कानातून आपोआप शिरली. शिक्षण मुंबईला झालं, लग्नानंतर पुन्हा इकडे आले. नवरा अबकैकच्या प्लँटवर इंजिनीअर. तोही आमच्याकडचाच, दोन गावं पलीकडचा. सौदीत अलीकडे जुन्या वास्तूंची संग्रहालयं करण्याचं मोठं वारं आलंय, आणि इंग्रजी-अरबी दोन्हींत लिहू शकणाऱ्या बाईला काम मिळतं.

बागेचा मालक पन्नाशी ओलांडलेला, अमेरिकेत शिकून आलेला, हळू आवाजात बोलणारा माणूस. आजोबांची ही बाग आणि तिच्यातलं मातीचं घर त्याला संग्रहालय करून लोकांना दाखवायचं होतं. भाऊबंद ती जमीन विकायला निघाले होते. तिथे बंगले उठले असते. त्यानं बाकीच्या मालमत्तेतला आपला हिस्सा सोडून बाग वाचवली, हे तो कधी स्वतः बोलला नाही, इतरांकडून मला कळलं. मला तो ‘उख्ती’ म्हणायचा, म्हणजे बहीण. पहिल्याच दिवशी त्यानं मला सगळं घर स्वतः फिरवून दाखवलं.

वस्तूंनी घर गच्च भरलेलं होतं. ताडावर चढतात तसं खजुरावर चढताना कमरेला बांधायचे दोरखंडी पट्टे, घासून घासून चकचकीत झालेले. दातेरी विळे. झावळ्यांच्या टोपल्या, चटया, गाढवाच्या पाठीवरची खोगिरं. पण सगळ्यात सुंदर होती ती खजूर साठवायची खोली. तिला तिकडे मदबसा म्हणतात. जमिनीवर चुनखडीच्या उंच-सखल ओळी, मध्ये पन्हळी. खजुरानं भरलेल्या टोपल्या या ओळींवर एकावर एक रचायच्या. उन्हाळ्याच्या उष्म्यानं आणि वरच्या भारानं खजुरातून काळा पाक गळतो, पन्हळींतून वाहत कोपऱ्यातल्या रांजणात जमा होतो. मालकानं वाकून त्या पन्हळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “लहानपणी आम्ही इथे बोटं बुडवून चाटायचो. आजोबा रागवायचे, पण हसत.”

त्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. मी विचारलं, “आत काय?”

“काही नाही. चारा ठेवायचे.”

वाकून आत गेले. डोळे सरावल्यावर दिसलं की वरची तुळई काजळीनं काळी झाली होती. चाऱ्याच्या खोलीत कुणी चूल पेटवत नाही. भिंतीत दिव्याचा कोनाडा होता. एका कोपऱ्यात जमिनीत पक्कं बसवलेलं दगडी जातं होतं आणि त्याच्याजवळची जमीन बसून बसून खोलगट झाली होती. तुळईला लोखंडी कडी होती. आमच्याकडे अशा कडीला पाळणा बांधतात.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “इथे माणसं राहत असतील.”

मालक जरा थांबला. “हो, कामाची माणसं असायची ना. पण नोकर नव्हे हं. घरचीच होती ती.”

“आणि ती कडी?”

“पाण्याची पखाल टांगायला असेल.”

‘घरचीच’ हा शब्द माझ्या ओळखीचा होता. माझ्या आजोळी वाडीत राबणारं, वाडीतच झोपडी बांधून राहणारं एक कुटुंब होतं. आई त्यांच्याविषयी नेमकं हेच म्हणायची. म्हणताना तिचा आवाज मायेचाच असायचा, आणि त्या घरातल्या बाईची ताटली पडवीतल्या फळीवर वेगळी असायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

या भागातल्या बागा कुणाच्या घामावर उभ्या राहिल्या, हे मला वाचून ठाऊक होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, बलुचिस्तानातून गलबतांत घालून माणसं आणली जात. विकली जात. कायद्यानं ते बंद होऊन साठेक वर्षं झाली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. पण वाचलेलं वेगळं आणि काजळलेल्या तुळईखाली उभं राहणं वेगळं.

मी मजकूर लिहिला. फार काही नाही, इतकंच की या खोलीत बागेत राबणारी माणसं कुटुंबासह राहत, आणि त्यांतल्या काहींना गुलाम म्हणून इथे आणलं गेलं होतं. मालकाच्या ऑफिसातून मजकूर परत आला तेव्हा बाकी सगळ्या पाट्यांवर बरोबरची खूण होती. या पाटीवर काट मारली होती आणि वर लिहिलं होतं, ‘चाऱ्याची खोली’.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो ताटातली मच्छी निवडत म्हणाला, “काय गो, तुझं काम लिहायचं आहे. न्यायनिवाडा करायला कुणी ठेवलंय तुला?”

“खोटं लिहू?”

“नको लिहू. गप्प राहा. गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे.” मग जरा नरमून म्हणाला, “आपण इकाम्यावरची, परवान्यावर राहणारी माणसं. त्यांच्या घरातलं त्यांना बघू दे.”

समोर मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिला विचारलं, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “अबाउट व्हॉट?” आणि पुन्हा फोनमध्ये गेली. विषय तिथेच संपला. नवऱ्याचं बोलणं मला लागलं, पण त्याची भीती खोटी होती असं मी म्हणू शकत नव्हते.

*

संग्रहालयासाठी गाईड म्हणून काही स्थानिक मुली नेमल्या होत्या. त्यांतली एक पंचविशीची मुलगी माझ्याशी लवकर जुळली. गडद सावळी, उंच, आवाज मोकळा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायची आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची. मी चटयांच्या विणीची छायाचित्रं काढत होते, तेव्हा ती म्हणाली, “माझ्या आजीला या सगळ्या विणी येतात. तिला दाखवू या का? ती याच भागात वाढली. बागांच्या जवळपास कुठेतरी.”

मला त्या ‘जवळपास कुठेतरी’वर थांबायला हवं होतं असं आज वाटतं. तेव्हा मी आनंदानं हो म्हटलं.

आजी हुफूफ शहरात मुलाच्या फ्लॅटवर राहायची. तिसरा मजला, बैठकीत गुबगुबीत लोड, भिंतीवर भलामोठा टीव्ही. सत्तरीच्या आसपासची बाई, अंगानं किरकोळ, पण बसायची ताठ. मी तिला ‘खाला’ म्हटलं. आमच्याकडेही मावशीला खालाच म्हणतात हे कळल्यावर ती हसली. “मग तू माझ्या बहिणीची मुलगी,” म्हणाली. नातीला तिनं वेलदोड्याची कॉफी आणायला लावलं. कॉफीबरोबर बिस्किटं आली. खजूर आला नाही. सौदीतल्या घरात कॉफीबरोबर खजूर नाही हे मी प्रथमच पाहत होते.

टॅबलेटवर मी एकेक छायाचित्र दाखवू लागले. ती भराभर सांगत होती, ही चटई नमाजाची, ही मेलेल्या माणसाखाली घालायची, ही टोपली पुरुषानं विणलीये, बघ किती ढिली आहे. नात हसत होती. मग जात्याचं छायाचित्र आलं.

आजीनं टॅबलेट माझ्या हातातून घेतला. जवळ नेला. बराच वेळ बघितला. खालच्या पाळीच्या कडेला एक टवका उडालेला होता, त्याच्यावर तिनं बोट ठेवलं. चित्र एकदम मोठं झालं तशी ती दचकली.

“हे कुठे आहे?”

नातीनं बागेचं नाव सांगितलं.

“ती खोली अजून उभी आहे?”

“आहे, यम्मा. का?”

“माझ्या आईचं जातं आहे ते,” आजी म्हणाली. “हा टवका मी उडवला होता, वरची पाळी पाडून. फार मार खाल्ला होता.”

नात कॉफीचा कप हातात धरून तशीच बसली होती. आजीनं मग सांगायला सुरुवात केली. ती माझ्याकडे बघून बोलत होती, नातीकडे नाही. तिची आई लहान मुलगी असताना गलबतातून आली. कुठून, ते तिला स्वतःलाच सांगता येत नसे. दोनदा विकली गेली, दुसऱ्यांदा या बागेसाठी. त्या खोलीत तिचं लग्न लागलं, म्हणजे लावून दिलं गेलं. त्या खोलीत मुलं झाली. कडीला पखाल नव्हती, पाळणाच होता. हंगामात आई दिवसभर खजूर टोपल्यांत भरून पायांनी तुडवायची. पाकानं पायाची कातडी फाटायची, गांधीलमाश्या यायच्या. “म्हातारी होऊन मरेपर्यंत तिनं खजूर तोंडात घातला नाही,” आजी म्हणाली. “रमजानचा रोजासुद्धा पाण्यावर सोडायची. लोक विचारायचे. ती म्हणायची, माझं पोट दुखतं.”

कायद्यानं सगळे मोकळे झाले तेव्हा आजी लहान मुलगी होती. मोकळे झाल्यावरही ते काही काळ तिथेच राहिले, कारण जायला जागा नव्हती. मग बापाला अबकैकला तेलाच्या कामावर मजुरी मिळाली आणि ते एका ट्रकमध्ये बसून निघाले. जातं जमिनीत बसवलेलं, ते राहिलं.

“तुम्ही आम्हाला सांगितलं होतं की आपले लोक दर्यावर्दी होते,” नात म्हणाली.

“दर्यातूनच आलो की,” आजी म्हणाली.

नात हसली नाही. “मला माहीत होतं, यम्मा. शाळेत मुली बोलायच्या तेव्हापासून माहीत होतं. कुणी तोंडानं बोललं नव्हतं इतकंच.”

मी मध्ये पडले. आता वाटतं, पडायला नको होतं. मी म्हटलं, “खाला, हे तुमच्या शब्दांत त्या खोलीत लिहिता येईल. तुमची इच्छा असेल तर. लोकांना कळायला हवं.”

“कुठल्या लोकांना?”

“जे बघायला येतील त्यांना.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. “माझी आई त्या खोलीतून बाहेर पडली ना? मग तू तिला परत आत कशाला नेतेस?”

उत्तर दिलं ते नातीनं. “आपण नाही लिहिलं तर ते लिहितील की तिथे चारा ठेवायचे. लिहिलंच आहे त्यांनी.”

“लिहू देत,” आजी म्हणाली. “चाऱ्याला लाज नसते. तुझ्या भावाचं लग्न ठरायचंय. मुलीकडचे लोक संग्रहालय बघायला येणार नाहीत कशावरून?”

निघताना दारापर्यंत सोडायला ती उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जिन्यात नात माझ्या चार पायऱ्या पुढे उतरत गेली.

*

त्यानंतर काही दिवस ती कामावर आली नाही. मी बागेत जात होते, पण मन लागत नव्हतं. याच दिवसांत डिझाइन करणाऱ्या कंपनीनं वाहनतळामागे झावळ्यांचा उंच कूड बांधून घेतला. कुडापलीकडे बागेतल्या आजच्या मजुरांच्या पत्र्याच्या केबिनी होत्या. पाहुण्यांना त्या दिसू नयेत आणि जुन्या काळचा देखावाही व्हावा, अशी दुहेरी सोय. कूड बांधणारे मजूर तेच, केबिनीत राहणारे. त्यांतला बिहारचा एक जण मला हिंदीत म्हणाला, “मॅडम, अंदर पुराने लोगों का फोटो लगेगा, हमारा भी लगेगा क्या?” आणि मोठ्यानं हसला. त्याचे साथीदारही हसले. मीही हसले, आणि मग दिवसभर ते हसणं मला टोचत राहिलं.

मालकापाशी मी त्या कुडाचा विषय काढला. तो म्हणाला, “उख्ती, ही माणसं करारावर येतात, पगार घेतात, सुट्टीला घरी जातात. ते आणि हे एक नव्हे.”

“एक आहे असं मी म्हणत नाही.”

“मग?”

माझे अब्बाही करारावर आले होते. त्यांचा पासपोर्ट वर्षानुवर्षं कफीलच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाच्या कपाटात असायचा, पण ते दर दोन वर्षांनी बॅगा भरून घरी यायचे आणि सौदीचं कौतुक करताना थकायचे नाहीत. त्यांना कुणी गुलाम म्हटलं असतं तर त्यांनी त्याला उभं राहू दिलं नसतं. या गोष्टी एकमेकींजवळ ठेवल्या की त्रास होतो आणि दूर ठेवल्या तरी होतो.

उद्घाटनाआधी घरच्या मंडळींसाठी एक सराव-फेरी ठेवली होती. त्या दिवशी ती मुलगी परत आली. गाईडचा पोशाख घालून, शांत. मालक, त्याची बायको, बहिणी, काही नातलग, डिझाइनवाले, अशी वीसेक माणसं तिच्यामागून फिरली. तिनं चढायचे पट्टे दाखवले, मदबसा दाखवला. तिथे डिझाइनवाल्यांनी खजुराच्या पाकाचा सुगंध सोडायचं यंत्र बसवलं होतं. सगळ्यांनी खोल श्वास घेतला, कौतुक केलं. मग ती त्या बुटक्या दारापाशी थांबली. इथे थांबायचं ठरलं नव्हतं.

“इथे चाऱ्याची खोली अशी पाटी आहे,” ती म्हणाली. “माझ्या आजीचा जन्म या खोलीत झाला. तिच्या आईला विकत आणलं होतं.”

एवढंच बोलून ती पुढच्या दालनाकडे वळली. तिच्यामागे कुणी लगेच गेलं नाही. मालकाच्या एका बहिणीनं डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढून घेतली. मालकाचा चेहरा उतरला होता. तो त्या दाराकडे बघत उभा राहिला, जणू ते पहिल्यांदाच दिसत होतं.

मला वाटलं, आता त्या मुलीची नोकरी गेली, आणि माझीही. पण झालं भलतंच. दोन दिवसांनी मालकानं मला बोलावलं. रात्रभर झोप लागली नाही असं म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं. त्याला लहानपणची एक म्हातारी आठवत होती, सुट्टीत घरी यायची, त्याला मांडीवर घ्यायची. ती त्याच कुटुंबातली असणार. तो आता उत्साहानं बोलू लागला. त्या खोलीत आजींचं मोठं छायाचित्र लावायचं. उद्घाटनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, मानचिन्ह द्यायचं. त्यांच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या नात्यावर एक अख्खी भिंत करायची. “मथळा सुचलाय मला,” तो म्हणाला. “घरची माणसं.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आधी त्यानं ती खोली पुसली होती, आता तो तिच्यावर रेशीम पसरत होता, आणि त्यातलं काहीच तो कपटानं करत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, “त्यांना विचारायला हवं.”

“मी स्वतः जाऊन विचारतो.”

तो गेला. बरोबर बागेतल्या उत्तम खजुराची पेटी घेऊन गेला. आजीनं त्याला आदरानं बसवलं, कॉफी दिली, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. भिंतीविषयी ती म्हणाली, मी एकदा खोली बघते, मग सांगते. हे मला नातीनं सांगितलं. पेटी तिनं सुनेच्या हाती देऊन टाकली होती.

*

आजी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी आली. मुलगा गाडीतच बसून राहिला, आत आला नाही. नातीच्या हाताला धरून आजी बागेतून चालत आली. मध्ये एकदा थांबून तिनं पाटाच्या पाण्यात हात बुडवला आणि चेहऱ्यावरून फिरवला. मदबसाशी सुगंधाचं यंत्र चालू होतं. तिनं अबायाचं टोक नाकाला लावलं. मी धावत जाऊन ते बंद केलं.

बुटक्या दारातून आत जाताना तिला वाकावं लागलं नाही, इतकी ती लहानखुरी होती. आत ती जात्यापाशी बसली, त्या खोलगट जागेतच. बोटानं दगड चाचपला. मालक दाराबाहेर उभा होता, आत यावं की नाही या विचारात. शेवटी तो बाहेरूनच म्हणाला, “खाला, ही बाग तुमचीच आहे. कधीही या.”

“नाही,” आजी आतून म्हणाली. “बाग आमची नव्हती कधी. जातं माझ्या आईचं होतं. ते मला दे.”

मालक गडबडला. “जातं? पण ते तर इथे… हो. हो, घ्या ना. नक्की घ्या.”

“आणि माझं चित्र लावू नकोस. माझ्या आईचं नाव लिहू नकोस. तुझे आजोबा वाईट नव्हते असंही माझ्या तोंडून लिहू नकोस.”

“मी कधी…”

“तू लिहिणार होतास, बाळा,” ती म्हणाली. आवाज मऊ होता. “मला माहीत आहे तुझं मन चांगलं आहे.”

मालक तिथेच पायरीवर बसला. मग नातीनं विचारलं, “मग इथे काय लिहायचं, यम्मा? चारा?”

आजी विचार करत होती. नातीनं धीर करून तेव्हाच एक-दोन वाक्यं बोलून पाहिली, आजीनं नकारार्थी मान हलवली, नातीनं बदलली. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. शेवटी दोन वाक्यं उरली. या खोलीत बागेत राबणारी माणसं राहत होती. ती आपल्या मर्जीनं इथे आलेली नव्हती. आजी म्हणाली, “इतकं चालेल. यात कुणाचं नाव नाही.” मालकानंही मान डोलावली.

जातं उपटायला चार मजूर लागले. जमीन कठीण झाली होती, दगड निघता निघेना. निघाला तेव्हा खाली ओलसर माती आणि मुंग्या होत्या. टेम्पोतून तो फ्लॅटवर नेला. लिफ्टवरचा बोजा वाढेल म्हणून इमारतीच्या राखणदारानं अडवलं, शेवटी जिन्यानं चढवला. पुढे मी एकदा भेटायला गेले तेव्हा जातं गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली होतं, वर जुनी चादर टाकलेली. सून कुरकुरत होती की झाडू मारता येत नाही. मी आजीला म्हटलं, आत आणून ठेवायचं ना, छान दिसेल. ती म्हणाली, “बघायला नाही आणलं. तिथे राहू नये म्हणून आणलं.”

पाटी छापून आली तेव्हा तिच्यावर एकच वाक्य होतं. या खोलीत बागेत राबणारी माणसं राहत होती. मी ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं सांगितलं की जागेच्या मानानं मजकूर लांब होत होता. पाटीचा खालचा अर्धा भाग कोरा होता. मालक तेव्हा परदेशात होता. फोन केला तर म्हणाला, “असं झालं का? बघतो, इन्शाल्ला.” त्यानं काढायला सांगितलं होतं की दुसऱ्या कुणी, हे मला आजही ठाऊक नाही. पाटी बदलली नाही.

माझा करार संपला. खलास, असं म्हणून हिशेबाच्या माणसानं माझं ओळखपत्र परत घेतलं. थोड्याच दिवसांत नवऱ्याची बदली रास अल खैरला झाली आणि आम्ही जुबैलला राहायला आलो. इथे समुद्र आहे, खजूर रस्त्याच्या दुभाजकावर लावलेले.

ती मुलगी वर्षभर त्याच बागेत गाईड होती. दुसरं वाक्य ती तोंडानं सांगायची. रोज नाही. समोर कोण आहे ते बघून, आणि आपलं मन कसं आहे ते बघून. एकदा शाळेच्या मुलींचा घोळका आला होता, त्यात तिच्यासारख्याच रंगाची एक लहानगी मागे उभी होती. “मी बोलणार होते,” तिनं मला फोनवर सांगितलं, “आणि सगळ्या मुलींनी वळून तिच्याकडे बघितलं असतं. नाही बोलले.” तिच्या भावाचं लग्न मात्र ठरलं, झालंही. मुलीकडच्यांनी संग्रहालय पाहिलं की नाही, देव जाणे.

आता ती रियाधला संग्रहालयाच्या कामाचंच पुढचं शिक्षण घेतेय. मागच्या आठवड्यात तिचा निरोप आला. तिला अशाच बागांतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. पहिला प्रश्न कसा विचारायचा, दार उघडल्यावर बसून नेमकं काय म्हणायचं, हे तिनं मला विचारलंय. मी दोनदा लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. तिचा निरोप अजून तसाच पडून आहे.